वाटणीतला व्हिडिओ गेम

“घावला! आवं घावला! धरा कुनीतरी खालनं!”

माळ्यावरून ही आरोळी आली तेव्हा माधवनगरच्या त्या घरात मुलगी बघण्याचा कार्यक्रम अगदी नाजूक टप्प्यावर आला होता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी, नवरा मुलगा म्हणजे आमचा मेहुणा स्वतःच्या पायाचा अंगठा पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत बसलेला, आणि सासरेबुवा ‘स्वयंपाक येतो का’ हे विचारायला घसा खाकरून तयार. ‘घावला’ म्हटल्यावर मुलीच्या वडिलांना वाटलं, नाग निघाला. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. मुलीच्या आईनं पदर खोचला. तेवढ्यात माळ्यातून आधी दोन पाय लोंबले, मग जळमटांनी माखलेली इस्त्रीची विजार आली, आणि शेवटी छातीशी एक काळा डबा कवटाळून माझे साडू जमिनीवर उतरले. “पाव्हणं,” काठीकडं ढुंकूनही न बघता ते म्हणाले, “ह्यो व्हिडिओ गेम तुमी टाकलाय का ठेवलाय?” मुलगी अशी हसली की चार कपांतला चहा चार बशांत गेला. लग्न तिथंच ठरलं. मुलीनं आपल्याला बघून होकार दिला असं आमचा मेहुणा अजून सांगत फिरतो. आम्ही कुणी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझे साडू चढले नाहीत असा माळा नाही, आणि ते जिथं डोकावले नाहीत असं भंगाराचं दुकान अजून उघडायचं आहे. माझ्या मेहुणीचे हे यजमान सांगलीत हळदीच्या अडत दुकानात माल पारखायचे. हळकुंड मोडून, नुसतं हुंगून ते कुठल्या शिवारातलं आहे हे सांगायचे. त्यामुळं त्यांची बोटं बारा महिने पिवळी. लग्नाला वर्षं झाली तरी हळद उतरली नाही असा सांगलीत हा एकच नवरा. पण हा एवढा व्यवहारी माणूस जुना व्हिडिओ गेम दिसला की दहा वर्षांचा व्हायचा. नवा नव्हे हं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली होती, नवे रंगीत गेम बाजारात आले होते. त्यांच्याकडं साडू, हॉटेलातल्या आमटीकडं गृहिणीनं बघावं तसे बघायचे. त्यांना हवा असायचा तो लाकडी पट्टीचा काळा डबा, खेळायला हातात धरायचे दोन दांडे, आणि वर खोचायची जाड कॅसेट. त्यांच्या लहानपणी बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी असला एक डबा परदेशातून आणला होता. तेव्हा त्यांच्या गावात टीव्हीवर बातम्यांपेक्षा मुंग्याच जास्त दिसायच्या. त्यामुळं टीव्ही हे यंत्र या गेमसाठीच निघालं आहे, अशी अख्ख्या आळीची समजूत होती.

कुणाच्याही घरी गेले की साडू पाणी प्यायच्या आधी टीव्हीच्या मागं वाकून बघायचे. पाचगणीच्या शाळांना सुट्टी लागली की हे दुसऱ्या दिवशी तिथं हजर. श्रीमंतांची पोरं घरी जाताना काय काय मागं टाकून जातात, हे वॉचमन लोकांना विचारत फिरायचे. एकदा तिथून परतताना यष्टीत शेजारच्या बाईंनी “पेटीत स्ट्रॉबेरी आहेत का?” म्हणून विचारलं, तर यांनी झाकण उघडून त्यांना कॅसेट दाखवल्या आणि कराड येईपर्यंत एकेकीची माहिती सांगितली. बाई कराडला उतरल्या. तिकीट सांगलीचं होतं.

कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची हे कोणालाही माहीत आहे. पण साडूंची फुंकर म्हणजे काय विचारता! खिडकीतलं कॅलेंडर दोन महिने पुढं जायचं. घरात डबे एवढे झाले की हळदीच्या पोत्यांत भरून ठेवावे लागले. माझी मेहुणी म्हणायची, “भावजी, लोकांच्या घरी पोत्यात धान्य असतंय. आमच्या घरी उंदीर आला तर तो बी खेळूनच जाईल.”

एवढे डबे, पण एकाशीही त्यांचं पटायचं नाही. नवा डबा आणायचा, पुसायचा, टीव्हीला जोडायचा, आणि कान लावून बसायचं. मग मान हलवायची. “न्हाई. त्यो आवाज न्हाई.” मग मुकाट्यानं खेळायला बसायचे, एकटेच. एक दांडा उजव्या हातात, एक डाव्या. डावा हात नेहमी जिंकायचा. मी एकदा म्हटलं, “साडू, तुम्ही डाव्या हाताला मुद्दाम जिंकू देता.” तर म्हणाले, “डावा दांडा दादाचा असतोय. हरला की मारतो.”

हा दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, साताऱ्यात राहणारा आणि औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदारांचा प्रमुख असलेला. वडील गेल्यावर भावकीतले पंच वाटणीला बसले. जमीन झाली, भांडी झाली, पितळी बंब आणि तांब्याचं घंगाळ यांचा तोल झाला, आणि शेवटी हा गेम पुढं आला. पंचांतल्या थोरल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “ह्ये कुनाचं?” “दोघांचं.” “मग निम्मं-निम्मं.” न्याय म्हणजे न्याय! डबा थोरल्याला दिला. दांडे, कॅसेट आणि वायरी धाकट्याला. सूप एकाला आणि धान्य दुसऱ्याला दिल्यासारखं झालं. साडूंनी पंचांना हात जोडून डबा मागितला, पंच म्हणाले “वाटणी झाली”, आणि दादा खाली बघत गप्प बसला. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. माळे, भंगार, पाचगणी, सगळं त्यानंतर सुरू झालं. साडूंना गेम नको होता हो. तो डबा हवा होता.

मी साताऱ्यात राहणारा, आणि दोन्हीकडचा पाहुणा. त्यामुळं शेवटी वकिली माझ्याकडं आली. एका सकाळी मी दादांच्या घरी गेलो. ते दाराशी बूट चमकवत बसले होते. फौज सुटून कारखान्याच्या फाटकावर आले तरी बुटात तोंड बघून दाढी करता येईल अशी चमक.

“दादा, सांगलीहून निरोप आहे.”

“कुनाचा?”

“माझ्या साडूंचा.”

“मी वळखत न्हाई.” त्यांनी ब्रश मारला. थोड्या वेळानं वर न बघताच विचारलं, “खोकला थांबला का त्याचा?”

मी म्हटलं, थांबला. मग डब्याचा विषय काढला. दादा ताडकन उठले. मला वाटलं, आता कोर्ट मार्शल! पण ते आतल्या खोलीत गेले आणि फौजेच्या काळ्या ट्रंकेतून घोंगडीत गुंडाळलेला डबा घेऊन आले. नुकतंच जन्मलेलं लेकरू धरावं तसा धरलेला. “पुसतो अधनंमधनं,” ते म्हणाले.

“मग चालू करून बघता का कधी?”

“दांड्याबिगर काय चालू करू, कपाळ?” आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला. “मामला काय हाय पाव्हणं, त्यानं पंचांपुढं हात जोडलं. भाऊ शेजारी बसला हुता की! मला मागायचं सोडून पंचांना मागतो व्हय? मी काय दुश्मन हाय?”

ठरलं असं, की रविवारी दोघांनी आपापली वाटणी घेऊन माझ्या घरी यायचं. कारण माझं घर दोघांनाही परकं, आणि माझा टीव्ही दोघांच्याही बापाचा नव्हता. त्या रविवारी क्रिकेटचा सामना होता हे मी सांगायला गेलो, तर बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मीच माझा सामना रद्द केला.

दोघं आले. एकाच सतरंजीवर बसले, तोंडं दोन दिशांना.

“पाव्हणं, त्यांना सांगा, वायर मागच्या बाजूला लागती,” दादा म्हणाले.

“पाव्हणं, त्यांना सांगा, म्हाईत हाय,” साडू म्हणाले.

“पाव्हणं, त्यांना सांगा, डावा दांडा माझा.”

“पाव्हणं, त्यांना सांगा, कुनी न्हाई म्हनलंय?”

मधे बसून माझी मान अशी फिरत होती की तिला रवी बांधली असती तर ताक घुसळून निघालं असतं. शेवटी साडूंनी कॅसेट खोचली. पडद्यावर मुंग्या. फुंकर मारली, आमचं कॅलेंडर दिवाळीवर गेलं. पुन्हा मुंग्या. दादांनी पुढं होऊन डब्याच्या कुशीत हलकेच एक गुद्दा मारला, आणि टीव्हीतून ‘टर्रर्र’ असा घसा बसलेल्या बेडकासारखा आवाज आला. साडूंचा हात हवेतच राहिला. मी तरी असला भिकार आवाज उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, आणि एखाद्या माणसाचा चेहरा एवढ्याशा आवाजानं असा उजळलेलाही बघितला नव्हता.

पडद्यावर दोन चौकोन आले. चौकोनांनी एकमेकांवर ठिपके फेकायचे, एवढाच तो खेळ. पहिला डाव शांततेत झाला. दुसऱ्या डावात साडूंच्या चौकोनानं दादांच्या चौकोनाला कोपऱ्यात गाठलं आणि ठिपक्यांचा पाऊस पाडला.

“आरं रड्या! भिताडाआडनं मारतोस व्हय रं?” दादा ओरडले.

“दादा, तूच आधी लपलास की! फौजेत हेच शिकिवलं का?”

“थांब, तुला दावतो फौज!”

स्वयंपाकघराच्या दारात बायको भज्यांचा झारा हातात धरून तशीच उभी राहिली. माझी वकिली तिथं संपली. त्यानंतर दुपारभर दोघांनी मला एक अक्षर विचारलं नाही; मी भजी पुढं केली तर ती सुद्धा न बघता उचलत होते. सामना कोण जिंकलं म्हणाल, तर मला माहीत नाही. क्रिकेटचाही नाही आणि यांचाही नाही. दोघंही आपणच जिंकलो असं ओरडत होते, आणि मधूनच दादा साडूंच्या पाठीत धपाटा घालत होते.

उन्हं कलली तसे दादा उठले. त्यांनी वायर काढली, डबा घोंगडीनं पुसला आणि साडूंच्या पुढं सरकवला. “न्हे,” म्हणाले. साडूंनी तो मांडीवर घेतला. पिवळी बोटं त्याच्या लाकडी पट्टीवरनं फिरवली. उलटा करून पोट बघितलं. आणि उचलून दादांच्या हातात परत दिला. दादांनी घोंगडीत गुंडाळून तो सायकलच्या कॅरियरला बांधला आणि चालत, सायकल हातानं धरून, हळूहळू गेले.

मी साडूंना स्टँडवर पोचवायला गेलो. सांगलीची गाडी लागली होती. ते खिडकीत बसले, मांडीवर दांड्यांची पिशवी. मला राहवेना. म्हटलं, “अहो, ज्याच्यासाठी दोन जिल्हे पालथे घातलेत तो डबा हातात आला होता. परत का दिलात?”

“दादाच्या वाटणीचा हाय त्यो,” साडू म्हणाले.