तरीच

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आखातात गाला नावाचा औद्योगिक भाग आहे, तिथल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तेलकंपन्यांचे पंप दुरुस्तीला येतात, आणि दुरुस्त झालेला पंप बाहेर पडायच्या आधी त्याच्या कागदावर तपासनीसाची सही लागते. आधीचा तपासनीस चहा प्यायचा आणि सही करायचा. हा आला तो स्वतःचा डायल गेज, बारीकसा वाकही दाखवणारं मापयंत्र, मखमली पेटीत घालून. साठीचा, गोरा, उंच, नाकावर माशी बसू न देणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझे दोन पंप परत पाठवले. खडूनं फुली मारायची, 'खलास' म्हणायचं आणि पाठ फिरवायची, एवढंच त्याचं बोलणं. अरबीतला तेवढाच एक शब्द तो शिकला होता.

त्या सहीवर माझं कॉन्ट्रॅक्ट अडकलं होतं. मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं होतं, ही ऑर्डर वेळेत गेली तर पुढची दोन वर्षं, नाहीतर घरचं तिकीट. मुलगी दहावीत होती. इथे सीबच्या वस्तीतच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी पोर. तिला वर्षाच्या मध्यात उचलून लातूरच्या कुठल्या शाळेत बसवणार होतो? रोज संध्याकाळी दार उघडताना ती विचारायची, "बाबा, साइन केलं का त्यांनी?" मी बूट काढत नाही म्हणायचो आणि मनातल्या मनात त्या गोऱ्याला शिव्या घालायचो.

मॅनेजर पुण्याचा. त्याच्याबद्दलही सांगायला हवं, कारण माझा राग मुळात त्याच्यावर होता. मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्यानं आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. पानावर बसल्याबसल्या विचारलं, मूळचे कुठले? मी लातूर म्हणालो. लातूर नाही हो, लातूरमध्ये कुठे? मी तालुका सांगितला, मग गाव सांगितलं. माझ्या वडिलांनी जुनं आडनाव टाकून त्याच गावाच्या नावाला 'कर' जोडलं होतं, तेव्हा गाव सांगितल्यावर प्रश्न संपायला हवे होते. पण या माणसाला त्या गावातले कुणीतरी पाटील ठाऊक निघाले. "मग तुमचं घर गावात कुठल्या बाजूला?" पूर्वेला, मी म्हणालो. गावकुसाबाहेरची आमची वस्ती पूर्वेलाच असते हे त्यालाही माहीत आणि मलाही.

"तरीच," तो म्हणाला आणि श्रीखंडाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

तरीच काय, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर त्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

तर हा गोरा. त्याच्याविषयी माझी एक खास तक्रार होती. चार महिने एका केबिनमध्ये बसलो, पण त्यानं मला एकदाही विचारलं नाही की तू कुठला, घरी कोण, पोरंबाळं किती. आमच्या चहावाल्यानंसुद्धा पहिल्या दिवशी विचारलं होतं. माजच तो, दुसरं काय. मी मात्र त्याला विचारलं. इब्रीच्या पुढे एका साइटवर जायचं होतं, गाडी मी चालवत होतो, आणि निझवा मागे पडल्यावरही हा गप्प. मला ते असह्य झालं. म्हटलं, तुम्ही हंगेरियन ना? फोनवर आईशी तो हंगेरियन बोलतो असं कुणीतरी सांगितलं होतं. पासपोर्ट स्लोव्हाकियाचा आहे, तो म्हणाला. मग मूळचे कुठले? मी सोडलं नाही.

त्यानं खिडकीबाहेरच्या खडकांकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, सेपेश. तो देश नाही, एक जिल्हा होता, हंगेरीच्या राज्यात. पहिल्या महायुद्धानंतर जिल्हाच गेला, नकाशावरून पुसला. जिल्ह्याचं मुख्य गाव लोचे, आताचं नाव लेवोचा. मी म्हटलं, आमच्याकडे लोचा म्हणजे भानगड. तो हसला नाही. म्हणाला, बरोबर आहे.

मग बोलायलाच लागला. लोचेला राजानं एक हक्क दिला होता: त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं गावात थांबायचं, गाठोडी सोडायची, माल विकायला मांडायचा आणि मगच पुढे जायचं. शेजारचं केशमार्क हे मानेना. दोन्ही गावं जेमतेम दोन-तीन तासांच्या घोडेवाटेवर, दोन्हीकडे जर्मन बोलणारे कारागीर, एकच देव, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची माणसं धरून कोंडायचे, माल लुटायचे. दुसऱ्या एका राजाला लढाईसाठी चांदी हवी होती, तर त्यानं याच जिल्ह्यातली तेरा गावं पोलंडच्या राजाकडे गहाण टाकली. ती साडेतीनशे वर्षं गहाणच होती. भांडी गहाण टाकलेली मी पाहिली होती, गाव टाकलेलं पहिल्यांदाच ऐकलं. मनात नसूनही मी ऐकत होतो, हे मला कबूल करावं लागेल.

शेवटचं त्यानं अगदी हळू सांगितलं. वडील हंगेरियन बोलणारे, म्हणून घरात तीच भाषा; आई मूळची जर्मन बोलणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन घरांना हाकललं. आईच्या आईनं एका कारकुनाला धरून आडनाव बदललं, स्लोव्हाक वाटेल असं घेतलं आणि घरात जर्मन बंद केलं. आई तेव्हा लहान होती; पुढे वडिलांचं हंगेरियन आडनाव टाळून तिचं हेच आडनाव यालाही लावलं. ती अजून झोपेत जर्मन बोलते, जाग आली की उठून दार लावलेलं आहे ना ते बघते.

"हे वर्कशॉपसाठी नाही," तो म्हणाला.

मी मान हलवली. इब्रीला आम्ही चहा घेतला, पैसे त्यानं दिले. आता हा सही करेल, असं माझ्या मनात आलं. एवढं सांगितल्यावर माणूस थोडा तरी सैल होतोच की.

कसला सैल! पुढच्या गुरुवारी, ऑर्डरच्या शेवटच्या दिवशी, त्यानं मोठ्या पंपावर तिसऱ्यांदा फुली मारली. शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, वाकडा आहे म्हणाला. केसाहूनही कमी, पण वाकडा. मॅनेजर खाली आला, फिटर हातातलं काम टाकून जमले, आणि सगळ्यांसमोर मॅनेजरनं मला विचारलं की तुम्हाला साधा शाफ्ट तपासता येत नाही का, की तुमच्याकडे हे असंच चालतं. 'तुमच्याकडे' हा शब्द त्यानं कसा उच्चारला ते मला बरोबर ऐकू आलं. त्याला उत्तर द्यायचं होतं. पण त्याच्या हातात माझं कॉन्ट्रॅक्ट होतं, आणि शेजारी हा परका म्हातारा पेटी घेऊन उभा होता. वड्याचं तेल वांग्यावर काढतात तसं मी केलं.

मी मॅनेजरला म्हणालो, "याला विचारा याचं खरं आडनाव काय. आजीनं कारकुनाला धरून बदलून घेतलंय. ज्याचं नाव सरळ नाही तो माझा शाफ्ट वाकडा म्हणतोय." आणि त्याला कळावं म्हणून तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं.

मॅनेजरच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"अच्छा," तो म्हणाला. "तरीच."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, क्षणभर बरं वाटलं.

म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती, पण तो शब्द त्याला कळला असावा. त्यानं गेज पुसला, पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली. मॅनेजरनं त्याच दिवशी त्याच्या कंपनीला लिहिलं की तुमच्या माणसाची कागदपत्रं पुन्हा तपासा, आम्हाला शंका आहे. कागदपत्रांत काही सापडलं नाही. पण भानगड नको म्हणून त्यांनी त्याला परत बोलावलं. नवा तपासनीस आला, चहा प्यायला आणि सही करून गेला. मुदत उलटल्याचा दोष म्हाताऱ्यावर गेला आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मुलीची दहावी सीबमध्येच झाली.

जायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो होतो, त्यानं दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "शाफ्ट बदल." पंप बाहेर जायच्या आधी मी स्वतः तो उघडून मोजला. शाफ्ट वाकडा होता. मी बदलला.

मॅनेजर आता मला घरी जेवायला बोलावतो. मी जातो. परवा तिथे एक नवीन जोडपं आलं होतं, आणि पानावर बसल्याबसल्या त्यानं त्यांना विचारलं, मूळचे कुठले? मी हातातला घास पानात ठेवला. निझव्याच्या पुढचा तो रस्ता आठवला, आणि मीच गाडीत विचारलेला तोच प्रश्न, तितक्याच चिकाटीनं. त्या म्हाताऱ्यानं चार महिन्यांत मला माझं गाव एकदाही विचारलं नव्हतं, आणि मी त्याला माज म्हणत होतो. हा प्रश्न माणसं कशासाठी विचारतात ते त्याला ठाऊक होतं. मला तर त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.