नव्वद मिनिटांचा तास

जगात कुठलीच वस्तू अचानक बिघडत नाही. तिचे तास भरलेले असतात आणि ते कुणी मोजलेले नसतात, इतकंच. असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. नाशिकबाहेर माळावर एक लहानशी कंपनी होती. तिच्याकडे पिकांवर औषध फवारणारी चार छोटी विमानं होती आणि त्यांच्या नोंदी ठेवणं हे साडूंचं काम. विमान कधी उडालं, कधी उतरलं, इंजिन एकूण किती तास चाललं, सगळं त्यांच्या जाडजूड वह्यांत. दर शंभर तासांनी इंजिन उघडून तपासायचं हा नियम. शंभर भरले की विमान जमिनीवर, मग मालक येवो नाहीतर मंत्री. विमान उडालं की ते वेळ पेन्सिलीने लिहीत आणि उतरून पंखा थांबल्यावर ती शाईने गिरवत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो मास्तर, माणूस अजून हवेत आहे. त्याचं शाईने कसं लिहू?"

हे सगळं माळावरच राहिलं असतं तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण साडू ते सायकलला अडकवून घरी आणत. आक्कांच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांची नोंद होती. ठरावीक शिट्ट्या झाल्या की रबर बदलायचं, ते चांगलं असो वा नसो. एकदा आम्ही बारा माणसं पंगतीला बसलेलो आणि त्या कुकरच्या शिट्ट्या नेमक्या त्याच सकाळी संपल्या. दुकानं बंद. साडूंनी कुकरला हात लावू दिला नाही. पातेल्यातला भात शिजेपर्यंत आम्ही पापड खात बसलो आणि आक्का त्यांच्याकडे अशा बघत होत्या की त्यांचेही तास भरत आलेत हे कुणालाही कळावं. पंख्याचे तास, विहिरीच्या दोराच्या फेऱ्या, चष्म्याचे स्क्रू, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. माझ्या दिवाळसणाला सासुरवाडीत आम्ही दोघे जावई एकत्र होतो. तिथल्या त्यांच्या वहीचं पान मी चोरून वाचलं. "धाकटे जावई. आगमन ११.२०. इंधन: श्रीखंड, चार वाट्या. आवाज: दुपारी झोपेत, डाव्या कुशीवर असताना. किरकोळ, लक्ष ठेवावे." ते पान मी बायकोला दाखवायची चूक केली. पुढे कित्येक वर्षं ती माझ्यावर लक्ष ठेवून होती.

आक्कांना पैठणी घ्यायला आम्ही चौघे एकदा येवल्याला निघालो होतो. स्टँडवर साडू ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले आणि ब्रेक शेवटचे कधी तपासले, हे अदबीने विचारू लागले. ड्रायव्हरने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "दादा, एवढी भीती वाटती तर चालत या. लय मस्त रस्ता हाय." साडूंनी तेही वहीत लिहून घेतलं.

अशा माणसाच्या कचेरीत एके दिवशी कॉम्प्युटर आला. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. पुण्याहून नवे तरुण मॅनेजर आले आणि त्यांच्या पाठोपाठ ते खोकं. त्याच्यासाठी वेगळी गार खोली, काचेचं दार आणि चपला बाहेर काढून आत जायचं. साडूंना हे फार पटलं. खंडेनवमीला त्यांनी त्या पडद्याला झेंडूची माळ घातली आणि कळफलकावर हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर दोन कळा आठवडाभर दबूनच राहिल्या. मॅनेजरांनी सगळ्या वह्या त्या यंत्रात उतरवून घेतल्या. पडद्यावर हिरव्या आकड्यांचे रकाने, खाली आपोआप बेरीज. कुठलं विमान, कुठला महिना, विचारा आणि मिळवा. साडू घरी येऊन कौतुकाने सांगायचे, "मास्तर, मला ज्याला दिवस लागतो ते हा शिंकेपर्यंत करतो."

पण महिना गेला आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन नंबरच्या विमानाचे त्यांच्या वहीप्रमाणे नव्याण्णव तास पन्नास मिनिटं झाले होते. यंत्र म्हणत होतं, साठसुद्धा नाहीत. मॅनेजर म्हणाले, "भाऊसाहेब, कॉम्प्युटर चुकत नाही. तुम्ही तास फुगवून लिहीत आलात, असं दिसतंय. विमान सोमवारी उडेल." अठ्ठावीस वर्षांत या माणसाला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. रविवारी ते छापील कागदांची भेंडोळी घेऊन माझ्याकडे आले. निवृत्तीला सहा महिने उरले होते. "मी खोटा ठरलो तर ठरलो," ते म्हणाले, "पण मी खरा असलो आणि गप्प बसलो तर? त्यात कॅप्टन बसतो, मास्तर." साडूंची चेष्टा करायची नाही असा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच दिवस.

आम्ही दोघे बेरजा करायला बसलो. मी मराठीचा मास्तर. गणिताशी माझं सख्य कधीच नव्हतं. विमानाच्या वहीत पंचेचाळीस मिनिटं ०.४५ अशी लिहायची पद्धत. मी दोन उड्डाणं मिळवली आणि मोठ्याने म्हणालो, "शून्य पॉइंट नव्वद."

"मास्तर!" साडू ओरडले. "नव्वद मिनिटांचा तास तुमच्या शाळेत असतो का? दीड तास झाला तो!"

आणि एकदम थांबले. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "त्यानेही हेच केलंय," ते पुटपुटले. "त्याला मिनिटं कुणी सांगितलीच नाहीत. तो शंभर होईपर्यंत पुढचा तास धरतच नाही!" फवारणीची उड्डाणं वीस, तीस, चाळीस मिनिटांची. तासामागे चाळीस मिनिटं ते यंत्र गिळत होतं. माझ्या अडाणीपणाचा जगाला झालेला हा एकमेव उपयोग.

सोमवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवर माळावर नेलं. कॅप्टन विमानात चढायच्या बेतात होते. साडूंनी कचेरीतली आपली खुर्ची आणली, विमानासमोर ठेवली आणि मांडीवर वही घेऊन बसले. मॅनेजर धावत आले.

"भाऊसाहेब, हा काय तमाशा?"

"साहेब, दीड तास आणि दीड तास किती?"

"तीन!"

"तुमच्या यंत्रात एक पॉइंट तीस दोनदा घाला आणि काय येतं ते मला सांगा. मग मी उठतो."

मॅनेजर तणतणत आत गेले. परत आले तेव्हा पायात चपला नव्हत्या. घालायच्या विसरले होते. "दोन पॉइंट साठ," ते म्हणाले. मग हळूच, "इंजिन उघडा."

नामपूरकडचे, अहिराणी बोलणारे एक मिस्त्री होते, त्यांनी दोन दिवस खपून इंजिन उघडलं. आम्हाला वाटलं, काहीतरी भयंकर निघणार. मिस्त्री हात पुसत आले. "भाऊसाहेब, इंजिन एकदम चांगलं शे." मॅनेजरांना जरा धीर आला. साडूंना मात्र पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. "वेळेवर उघडलेलं इंजिन असंच निघतं," ते म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी मॅनेजरांशेजारी बसून यंत्राला मिनिटांचा रकाना वेगळा करून दिला. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, हेही सांगायला हवं. आणि कॅप्टन त्यानंतर ना पडदा बघायचे ना वही. खिडकीत येऊन विचारायचे, "भाऊसाहेब, जाऊ?" हे म्हणायचे, "जा."

निवृत्तीनंतर साडूंनी माळाच्याच बाजूला घर बांधलं. एका सकाळी मी त्यांच्या गच्चीत उभा होतो. डोक्यावरून विमान गेलं आणि आवाज विरला. साडू कठडा धरून उभे राहिले. खालून आक्का हाका मारत होत्या, "अहो, पोहे निवले!" मी म्हटलं, "चला की भाऊसाहेब, नोकरी संपली तुमची."

"संपली की," ते म्हणाले, पण हलले नाहीत.

मीही थांबलो. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो. त्या सगळ्या मिनिटांच्या आडून तो रोज कुणीतरी सुखरूप परत येण्याची वाट बघत होता, हे मला त्या गच्चीत कळलं आणि मला माझीच लाज वाटली. बऱ्याच वेळाने लांबून आवाज आला, खाली खाली येत गेला आणि थांबला. साडूंनी कठडा सोडला.

"उतरला," ते म्हणाले, आणि गार पोहे खायला जिन्याकडे वळले.