आलं वाढवा, अक्का

“घरी कोण कोण हाय?”

गिऱ्हाईक टेकलं की मामांचा पहिला प्रश्न हाच. काय घेणार, ते नंतर. खांद्यावरचा नॅपकिन काढायचा, आधीच कोरडं असलेलं काउंटर पुन्हा एकदा पुसायचं आणि सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं विचारायचं, घरी कोण कोण हाय.

लातूरच्या एका परमिट रूममध्ये ते काउंटर सांभाळायचे. मूळ गाव लोहा, उमेदीची वर्षं नांदेडच्या हॉटेलांत गेलेली. मालकापासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माझी त्यांच्याशी ओळख जिंजरमुळे, म्हणजे आल्याच्या सोड्यामुळे. वडिलांची सोडा फॅक्टरी मी चालवते. फॅक्टरी म्हणजे पत्र्याची शेड, एक मशीन, दोन बाया आणि मी. आल्याचा रस, साखर, लिंबू, सोडा आणि वर बूच. दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी क्रेट घेऊन मागच्या दाराने आत जायची. आमचं घर लिंगायत. आई लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही. मग परमिट रूमला माल कसा देतेस, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असे : मी आलं विकते.

रिकाम्या बाटल्या गोळा होईपर्यंत मी तिथे उभी राहायची, त्यामुळे मामांचं कामकाज मला पाठ झालं होतं. जिंजरमध्ये काय घालायचं, हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठरवत नसत. त्याच्या घराकडे बघून ठरवत.

“लॉजवर उतरलाव? मग रम घ्या. गूळ अन् आलं, घरचीच जोडी हाय ती.”

“बायकोला मालूम हाय? मग व्हिस्की घ्या बिनधास्त. पण सकाळपर्यंत बोलती ती, सांगून ठेवतो.”

एकाने जिन मागितली तर मामांनी हातच जोडले. “नको, पाटील. अत्तरावानी वास येतो तिला. बायको भलताच संशय घेईल.”

आणि घरात कडक माणूस असला की व्होडका. “तिला सोताचा वास न्हाई. आल्याच्या पदराआड गुमान जाती घरी.”

मी हसायची. खोटं कशाला सांगू? चांगलंच हसू यायचं. स्वतः मामा थेंबही घेत नसत. माझं जिंजर मात्र ते नुसतं प्यायचे, दर गुरुवारी, पहिल्या क्रेटमधली पहिली बाटली. घोट तोंडात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “बेस झालंय. पण आलं जरा वाढवा, अक्का.”

मी वाढवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवलं. माझ्या मालाची अशी कदर करणारा दुसरा माणूस बाजारात नव्हता. घशाला चटका बसेल, डोळ्यांत पाणी येईल असं जिंजर मी करू लागले. सगळीकडे त्याचं नाव झालं आणि मी दोन इंच उंच झाले.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगते. शाळेत गणित शिकवतो. लग्न केलं नाही, आई आणि माझ्याबरोबर राहतो. आमचे काका दारूने गेले. तेव्हापासून घरातला पुरुष बाहेरून आला की आई उंबऱ्यातच त्याचं तोंड हुंगते. तुमच्याकडे चपला काढायला लावतात, आमच्याकडे तोंड उघडायला. आईचं नाक म्हातारपणी मंदावलं आणि हे खातं माझ्याकडे आलं. भाऊ संध्याकाळी यायचा तो हातात माझीच जिंजरची बाटली घेऊन. तोंडाला आल्याचा भपकारा. “बघ, घरचाच माल पितो,” असं म्हणायचा. आई सगळ्या नात्यात कौतुक सांगायची.

तीन वर्षं.

मग एका सकाळी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. पोट फुगलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून पितात? मी ताठ मानेने सांगितलं, “आमच्यात कोणी घेत नाही. तो फक्त जिंजर पितो.” डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. भावाने भिंतीकडे तोंड केलं. यकृत निम्मं गेलं आहे, यापुढे एक पेग म्हणजे मरण, हे डॉक्टरांनी सांगितलं. बाकीचं भावाने. कुठे, कोणी आणि कशात, ते सगळं.

त्या गुरुवारी मी क्रेट न घेता पुढच्या दाराने गेले.

“तो माझा भाऊ आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

मामांनी काउंटर पुसलं. “हाव.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. घरी कोण कोण हाय विचारलं. म्हणले, आई हाय अन् बहीण हाय. बहिणीचं नाक लई तिखट हाय, तीच जिंजर बनवती.”

“आणि तुम्ही त्याला व्होडका दिली. माझ्या जिंजरमध्ये.”

“बाजारच्या बाटलीत वास झाकत न्हाई, अक्का. तुमच्या आल्यातच ती ताकद हाय.”

मी काउंटरवरचा ग्लास उचलून भिंतीवर आपटला. ‘आलं वाढवा’ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माझ्या हाताने आलं किसून मी स्वतःचंच नाक बंद करत होते, आणि हा माणूस दर गुरुवारी माझ्या तोंडावर त्याचं कौतुक करत होता.

“मला सांगायचं होतं,” मी ओरडले. “एवढी वर्षं समोर उभी राहते मी इथे. एका शब्दाने सांगायचं होतं!”

मामा वाकून काचा वेचत होते. वर न बघता म्हणाले, “सांगायला पायजे होतं. चुकलंच. पण तुमी तरी, अक्का... तोंड हुंगलं रोज. एकदा विचारायचं होतं त्याला.”

ते खरं होतं, म्हणून राग दुप्पट झाला. अजूनही तेवढाच आहे.

तिथला माल मी बंद केला. आठवड्याभराने मामांनी माझ्या राहिलेल्या बाटल्या रिक्षात घालून पाठवल्या. प्रत्येक बाटली आतून-बाहेरून घासून लख्ख केलेली. मी त्या मशीनवरच्या बाईकडून पुन्हा धुऊन घेतल्या.

भाऊ वाचला. शाळेतून आला की शेडमध्ये बसून लेबलं चिकटवतो. मी आता हुंगत नाही. “प्यालास?” असं सरळ विचारते. तो “न्हाई” म्हणतो. खरं की खोटं, त्यालाच माहीत. आलं मी निम्म्यावर आणलं आहे. दुकानदार कुरकुरतात, जिंजरात पूर्वीचा दम राहिला नाही म्हणतात. नाही तर नाही.

गेल्या महिन्यात परमिट रूमच्या मालकाचा फोन आला. मामा मागच्या खोलीत राहायचे, ते सकाळी उठलेच नाहीत.

“अक्का, त्यांच्या घरी कोण कोण आहे?” मालक विचारत होता. “कळवायचं कुणाला? लोह्याला फोन लावला, तिथे कोणी ओळख देईना. म्हटलं, तुमच्याशी बोलायचे ते, तुम्हाला ठाऊक असेल.”

अकरा वर्षांचे गुरुवार. मला ठाऊक नव्हतं.

फोन ठेवला आणि पुन्हा राग आला, पुन्हा त्यांचाच. सांगायचं तरी होतं, मामा. शेडमध्ये मी हे मोठ्याने बोलले, दोन्ही बायांनी वळून पाहिलं. त्यावर ते काय म्हणाले असते, तेही मला माहीत आहे.