बावीस छेद सातची टोपली

पार्तिनाला वस्तीची प्रमुख व्हायचं होतं. मागच्या प्रमुखाने नळाचा पाइप गुपचूप स्वतःच्या माशांच्या तळ्याकडे वळवला, त्याच दिवशी तिने हे मनावर घेतलं. पण अर्जाला बारावीचं प्रमाणपत्र लागतं आणि बेचाळीस पूर्ण झाली की अर्ज घेत नाहीत. पार्तिनाची शाळा सहावीत सुटलेली आणि वय एकेचाळीस. नववीची परीक्षा तिने प्रौढांच्या वर्गात बसून काढली होती, आता बारावीची होती. अडलं होतं ते गणितापाशी. सराव परीक्षेत जो नापास, त्याचं नाव अंतिम परीक्षेला पुढे जाणार नव्हतं.

ती जावामधल्या त्या वस्तीतली बांबूची गोल सुपं विणणारी. तांदूळ पाखडायला, लग्नात भाताचा डोंगर मांडायला तिचीच सुपं जात. वर्गात शिकवणाऱ्या बू एन्दाहने, म्हणजे एन्दाहबाईंनी, फळ्यावर चौकटीत चौकटी काढल्या तेव्हा बाकीचे डोकं खाजवत बसले, पार्तिनाला मात्र आपली टोपल्यांची चळत दिसली. नैसर्गिक संख्या सगळ्यात आतल्या टोपलीत. शून्य आलं की तिच्याबाहेरची टोपली, उणे संख्या आल्या की आणखी मोठी, अपूर्णांक आले की त्याहून मोठी, ती परिमेय संख्यांची. आणि ज्या कुठल्याच अपूर्णांकात बसत नाहीत त्या अपरिमेय, त्यांची टोपली शेजारी वेगळी. सगळं मिळून एका भल्यामोठ्या टोपलीत, ती वास्तव संख्यांची.

तिने बांबूच्या कपच्यांवर कोळशाने संख्या लिहिल्या आणि विणता विणता टोपल्यांत टाकायला लागली. घरभर संख्या झाल्या.

"अहो, उणे तीन दिसला का कुठे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"माझ्या ताटात होता," गिमान म्हणाला. "टेंपेची सोयावडी समजून चावला. प्रमुखीणबाईंच्या राज्यात लोकांनी दात सांभाळावेत."

सगळ्या कपच्या बरोबर पडत होत्या, एक सोडून. π ची कपची तिने बेधडक परिमेय संख्यांत टाकली होती.

"चूक," वर्गात तिची यादी पाहून बू एन्दाह म्हणाली. "π अपरिमेय आहे, बू."

"असं कसं? π म्हणजे बावीस छेद सात. वर एक पूर्णांक, खाली एक पूर्णांक. आम्ही सहावीत घोकलंय. व्यास सातच्या पाढ्यात असला तर बावीस छेद सात, नसला तर तीन पूर्णांक चौदा शतांश."

सगळा वर्ग माना डोलवायला लागला. त्या देशात हे सगळ्यांनीच घोकलेलं असतं. मागच्या बाकावर दारसोनो बसला होता, कोंबडीखाद्याचा दुकानदार. प्रमुखपदासाठी तोही अर्ज करणार होता.

"जाऊ दे ना, पार्तिना," तो म्हणाला. "सुपाला कडं बसलं म्हणजे झालं. तुला गणित कशाला पचवायचंय?"

पार्तिनाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती वहीकडे वळली. दारसोनोला उत्तर देण्यात वेळ घालवण्याइतकं तिचं वय उरलं नव्हतं.

घरी येऊन तिने हातातलं सूप बाजूला सारलं आणि बाविसाला सातने भागायला बसली. तीन पूर्णांक एक चार दोन आठ पाच सात, आणि मग पुन्हा तेच एक चार दोन आठ पाच सात. तिने सहावीतला दुसरा π त्याखाली लिहिला. तीन पूर्णांक एक चार, संपलं. मास्तरांनी एकाच संख्येच्या म्हणून दिलेल्या दोन किमती एकमेकींशीच जुळत नव्हत्या. एका बाईची दोन वयं कशी असतील? मग वर्गाचं पुस्तक उघडलं. त्यात होतं तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ आणि पुढे न संपणारं, पुन्हा तेच न येणारं. दोन्हीही 'सुमारे' होते. एकाही माणसाने तेवढा एक शब्द सांगितला नव्हता. तिला भयंकर राग आला, मास्तरांचा आणि स्वतःचाही.

कारण हाताला ते ठाऊक होतं. वीस वर्षं ती कड्याची पट्टी हिशेबापेक्षा बोटभर जास्तच कापत आली होती आणि मग तासून बसवत होती. हिशेबावर भरवसा ठेवून तिने एकदाही पट्टी कापली नव्हती.

तिने बावीस छेद सातची कपची परिमेयच्या टोपलीत राहू दिली. π ची उचलून शेजारच्या टोपलीत टाकली.

सराव परीक्षेत दोन्ही संख्या एकाखाली एक आल्या. दारसोनोने दोघींना एकाच घरात घातलं. पार्तिनाने नाही. ती काठावर पास झाली, एका गुणाने, आणि अंतिम परीक्षेतही तरली. दारसोनोही तरला, तो कसा ते त्यालाच माहीत.

प्रमाणपत्र हातात पडलं त्याच सकाळी ती ग्रामकार्यालयात गेली. खिडकीत दारसोनो आधीच कोपर टेकून उभा होता. कारकुनाने तिचा अर्ज वरून खाली पाहिला.

"वय? सुमारे बेचाळीस लिहू?"

"सुमारे नको," पार्तिना म्हणाली. "एकेचाळीस वर्षं, अकरा महिने, सव्वीस दिवस. तेवढंच लिहा."