नाडीवरची दोन बोटं

गल्लीत त्याला हलक्याच म्हणत. हात इतका हलका की वस्तरा फिरता फिरता गिऱ्हाईक डुलक्या घ्यायचं. डुलकी न घेणारं गिऱ्हाईक एकच, तुरुंगाचे साहेब. त्यांच्या एका सहीनं माणसं उचलली जायची. हलक्याचा मेहुणा तसाच गेला तो आलाच नाही. वस्तरा गळ्याशी आला की साहेब हलक्याच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवत, थेट नाडीवर. नाडी पळाली तर काय, हे विचारायची कोणाची टाप होती? हलक्या भिंतीवरच्या फरशा मोजत श्वास आवरायचा. तीन वर्षं, रोज सकाळी.

त्यालाही आता तीस वर्षं झाली. साहेब मेले आणि त्यांच्यावर पिक्चर निघाला. ते दाढीला कसे बसायचे हे दाखवायला हलक्याला बोलावणं आलं.

"मीपण येणार," बायको म्हणाली. "माझ्या भावाला खाणारं तोंड कसं रंगवतात ते बघते."

खुर्चीतल्या नटानं डोळे वटारले, दात विचकले, गुरगुरला. दिवे धरणारे फिदीफिदी हसले.

"असेच होते ना, काका?" दिग्दर्शक बाईंनी विचारलं.

हलक्या नटाच्या गालावर फेस लावत राहिला. असं गुरगुरणारं ध्यान असतं तर लोकांनी पहिल्याच दिवशी दारं लावून घेतली नसती का? पण खरं सांगायचं म्हणजे बायकोच्या देखत सांगायचं.

"नाही हो," तो शेवटी म्हणाला. "हळू बोलायचे. एकदा विचारलं, मुलीचा खोकला कसा आहे? घरातली गोष्ट, मी कधी बोललोही नव्हतो! दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली दिली." बायकोकडे न बघता त्यानं पुढचं रेटलं. "त्याच दुपारी हिच्या भावाला नेलं."

"म्हणजे त्यांना चांगलं दाखवू?" नट गोंधळला.

"चांगलं कोण म्हणतंय? माणूस होता म्हणून तर भ्यायचो! राक्षसाच्या हातून औषध घेतलं असतं मी?"

नटानं हनुवटी वर केली, हलक्यानं आधी दाखवलं होतं तसं त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि मऊ आवाजात विचारलं, "मुलीचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे, साहेब."

शब्द आपोआप निसटले. वस्तरा गळ्यावर घसरला. जन्मात पहिल्यांदा हलक्याच्या हातून गिऱ्हाईक कापलं गेलं. पांढऱ्या फेसात लाल थेंब उतरला. आता कोणी हसलं नाही.

परतताना बायको दहा पावलं पुढे.

"ती बाटली कंपाउंडरनं दिली म्हणाला होतात."

"हो."

"तीस वर्षं!"

"पोरगी जगली ना गं."

"आणि माझा भाऊ?"



सकाळी त्याच्या पेटीशेजारी तीच बाटली उभी होती. इतकी वर्षं बायको तिच्यात डोक्याचं तेल ठेवायची. आता तेल ओतून, घासून लख्ख केलेली.

"ही न्या. म्हणावं, हीपण दाखवा."

"तू?" त्यानं भीत भीत विचारलं.

"येतेय. आज पुढे बसणार. तो आवाज नीट ऐकायचाय मला. आपल्या गल्लीत पुन्हा कोणी तसं बोलायला लागलं तर ओळखू यायला नको?"

चप्पल घालताना तिचा तोल गेला. हलक्यानं तिचं मनगट धरायला हात पुढे केला आणि बोटं नाडीशी जाताहेत हे दिसताच घाबरून मागे घेतला.