गायकवाडांचा हात

भिकाजी गायकवाडांना प्रयोगशाळेतून काढून ड्रमच्या गोदामात पाठवले गेले, ते माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य खोटे होते. बोलताना मला ते ठाऊक नव्हते. पुढे कळले, आणि तरीही मी वर्षभर गप्प बसलो.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. रसायनीच्या एका औषध कारखान्याच्या छोट्या प्रयोगशाळेत मी नवा संशोधक होतो आणि गायकवाड मदतनीस. पन्नाशीचे, सातवी शिकलेले, हाताने फार हलके. दर आठवड्याला ते सायकलवरून खालापूरच्या प्रसूतिगृहात जात आणि मिठाच्या पाण्याच्या बाटलीत नाळ घेऊन येत. नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून जे अस्तर असते, त्याच्या पेशी आम्ही काचेवर वाढवत असू.

नाळ मागणे सोपे नव्हते. एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाळंतिणीची सासू अडून बसली.

"नाळ पुरायची असती रं. तुमाला कशाला पायजे?"

"मावशे, तुजा मालक कशानं गेला?"

"छातीत कळ आली न् गेला."

"मंग दे. त्येचंच शोधतोय आमी. उरंल ती मी पुरीन."

आणि उरलेली नाळ त्यांनी प्रयोगशाळेमागे खड्डा करून खरोखर पुरली. मला हसू आले. ते म्हणाले, "छप्पन सालापास्नं आमी बुद्धाचे, साहेब. माजा ह्यावर इस्वास नाय. पर म्हातारीला शब्द दिलाय."

कोलेस्टेरॉल रक्तातून बारीक कणांत वाहते. ते कण आम्ही अस्तराच्या पेशींवर घालायचो आणि दुसऱ्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांवर सोडायचो. मग काच धुवायची. अस्तराने धरून ठेवलेल्या पांढऱ्या पेशीच उरत, आणि त्या मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत असे. रक्तवाहिनी तुंबायला तिथून सुरुवात होते का, हे पाहायचे होते. धुण्याचे काम गायकवाडांचे. ते सात वेळा काच बुचकळत, मोठ्याने मोजत. "जोर केला तर धरलेल्या बी सुटतील, हळू केलं तर नको त्या बी ऱ्हातील. हात मधला पायजे."

एरवी पांढऱ्या पेशी तुरळक उरत. दिवाळीच्या सुटीनंतर मात्र काचा पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेल्या निघाल्या. सगळ्यांसमोर प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मी म्हणालो, "गायकवाडांनी नीट धुतलेल्या नाहीत."

"सात येळा धुतल्यात, साहेब. मोजून."

मी पदवीधर होतो, माझेच खरे धरले गेले.

काही महिन्यांनी खरे कारण माझ्या ध्यानात आले. सुटीत कणांची बाटली मी फ्रिजबाहेर विसरलो होतो आणि परतल्यावर कुणाला न सांगता आत ठेवून दिली होती. तेल हवेने खवट व्हावे, तसे हवेतल्या ऑक्सिजनने ते कण बिघडले होते. मी मुद्दाम कण बिघडवून पाहिले, काचा स्वतः धुतल्या. पांढऱ्या पेशी तशाच चिकटून राहिल्या. बिघडलेले कण अस्तराला डिवचत होते आणि मग ते अस्तर पांढऱ्या पेशींना पकडून ठेवत होते. अहवालावर माझे एकट्याचे नाव आले. शाबासकी मिळाली, ती मी घेतली.

वर्षाने एका दुपारी गोदामाच्या दाराशी गायकवाडांनी मला थांबवले. ड्रम उचलून त्यांची बोटे फाटली होती.

"साहेब, तुमचा नवा शोध ऐकला. खराब कण असले की चिकटत्यात म्हनं. मंग तवा मी नीटच धुतलं व्हतं नं?"

"हो," मी म्हणालो. "चूक माझी होती. मला माफ—"

"हितं नको," ते म्हणाले. "ह्या ड्रमांना काय करायचंय? चार मान्सांत माजा हात खोटा पाडलात. जितं बोललात तितं बोला."

सोमवारी प्रयोगशाळेची बैठक होती. मी गोदामात जाऊन त्यांना बोलावून आणले. ते बसले नाहीत, हात मागे बांधून दाराशी उभे राहिले. प्रमुख आणि सगळे सहकारी समोर होते. मी उठून म्हणालो, "त्या काचा गायकवाडांनी नीट धुतल्या होत्या. बाटली मी बाहेर विसरलो आणि कळल्यावरही लपवून ठेवले. गायकवाड, मला माफ करा."