सरकलेला ठसा

संघरत्ना उबाळे शहापूर–मुरबाड गाडीवर कंडक्टर आहे. एकोणीस वर्षं झाली. किन्हवलीला कोण उतरतं, सरळगावला कोण चढतं, कोणाच्या पिशवीत कोंबडं आहे, हे तिला न विचारता कळतं. नाण्यांचा नाद मात्र तिला भांडणातून लागला.

दहाच्या नाण्यांची अफवा उठली होती तेव्हाची गोष्ट. दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, असं कोणीतरी पसरवलं आणि लोक गाडीत नाणी घेईनात. एका माणसाने तिने दिलेलं नाणं पायरीवर फेकलं आणि सगळ्यांदेखत तिला चोर म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही नाणी घेऊन बँकेत गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दोन्ही खरी, फक्त नक्षी बदललीय. गाडीत कोणाला ते पटलं नाही. पण तिची नजर नाण्यांवर बसली ती बसलीच.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून तिने एक भिंग घेतलं. तिकिटाच्या पैशांच्या पिशवीतलं एखादं नाणं वेगळं वाटलं की आपलं तेवढ्याच किमतीचं टाकायचं आणि ते घरी न्यायचं. सालाखाली बारकी चांदणी असली तर हैदराबादची टांकसाळ, काहीच खूण नसली तर कोलकात्याची, एवढं तर कोणीही शिकतं. तिला पुढचं दिसायला लागलं. एकाच साली, एकाच टांकसाळीत पडलेली दोन नाणीसुद्धा सारखी नसतात. नाणं ज्या पोलादी ठशाने दाबतात तो झिजतो, त्याला चीर जाते, तो बदलतात. एका ठशाची चांदणी जाड, दुसऱ्याची बारीक. हे सगळं ती शंभर पानी वहीत लिहून ठेवायची.

सगळ्यात अवघड ओळख दुहेरी ठशाची. नाणं दाबताना ठसा जरासा सरकला तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी दिसते. अशी नाणी पोत्याने निघतात, दोन रुपयांचं ते दोन रुपयांचंच. पण ठसा घडवतानाच त्यावर आकृती दोनदा उमटली असेल, तर अक्षराची टोकं फाटल्यासारखी दिसतात, दोन्ही थर गोलसर आणि भरीव असतात. त्या ठशाखालून गेलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच, तसंच. आठ वर्षांत खरी दुहेरी तिला दोनच सापडली होती.

मग रविंद्र आला. मुरबाडला त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाची कामं कमी झाल्यापासून तो मोबाइलवर व्हिडिओ टाकायचा. कोणाकडून तरी तिचं नाव ऐकून एका रविवारी आटगावला तिच्या घरी आला. गोड बोलला. "ताई, आपल्या भागात एवढं जाणणारं माणूस हाय, लोकांना कळाया पायजे."

ती खुलली. आजवर तिचं कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं. तासभर बोलली. सरकलेला ठसा कसा ओळखायचा, फसायचं कसं नाही, सगळं सांगितलं. शेवटी आपल्या दोनपैकी एक नाणं भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, "हे खरं दुहेरी. असं नाणं मिळत नाही."

व्हिडिओत एवढंच राहिलं. तिचा हात, तिचा आवाज, ही दोन वाक्यं. पुढे रविंद्रचा आवाज: तुमच्या डब्यातलं दोनचं नाणं दोन लाखांचं असू शकतं, नऊशे नव्याण्णव रुपये भरून नोंदणी करा. खाली फोन नंबर.

हे तिला कळलं ते बाळीमुळे. बाळी किन्हवलीकडच्या पाड्यावरची, बाजाराच्या दिवशी रानभाजी घेऊन याच गाडीने मुरबाडला जाणारी. टोपली सीटखाली सरकवून तिने कमरेची पुरचुंडी सोडली.

"बाय, तुजा आवाज वळखला मी. दोन कोंबड्या इकल्या नि दुकानदाराच्या फोनवरना पैसं भरलं. आता फोन उचलीत नाय."

संघरत्नाने पुरचुंडीतलं नाणं पाहिलं. कडेला चपटी पायरी. सरकलेला ठसा, बाकी काही नाही. बाळीला फसवायला संघरत्नाचाच आवाज वापरला होता.

मुरबाडला गाडी अर्धा तास थांबते. ती बाळीला घेऊन सरळ स्टुडिओत गेली. रविंद्र मागच्या खोलीत टेबलाशी वडापाव खात होता. त्याच टेबलावर पकडीत अडकवलेलं नाणं होतं, शेजारी कोरणी आणि बशीत पिवळट तेजाब. त्यात चार नाणी बुडालेली, वर फेस. वास नाकात बसणारा. पकडीतल्या नाण्यावर त्याने दुसरी चांदणी कोरायला घेतली होती. ओरखडे तिला भिंगाशिवाय दिसले.

"हे काय चाललंय?"

"नमुने," तो बोटं चाटत म्हणाला. "ताई, लोकांना जे पायजे ते मी देतो. तुमी खरं सांगता, तुमचं किती जण ऐकतात? या की माझ्यासोबत. अर्धं तुमचं."

"हिचे पैसे काढ."

त्याने वादही घातला नाही. गल्ल्यातून हजार काढले आणि बाळीपुढे सरकवले. "एक रुपया परत द्या म्हणजे झालं."

संघरत्नाने स्वतःचा रुपया टेबलावर ठेवला. तो हसला. "बघून द्या ताई. दुहेरी असंल."

दोन कोंबड्या त्याच्या लेखी एका थट्टेएवढ्याच होत्या. बाहेर येऊन ती गटाराशी वाकली, पण ओकारी आली नाही. बाळीने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोलिसांत चल म्हटल्यावर ती म्हणाली, "माजं मिळालं. मला त्येच्या दारात परत नाय जायचं." आणि बाजाराकडे गेली.

संघरत्नाने एकटीने तक्रार लिहून दिली. पंधरा दिवसांनी व्हिडिओ काढला गेला आणि आठवड्याने दुसऱ्या नावाने परत आला. आवाज बदललेला, हात मात्र तिचाच.

त्याहून वाईट गाडीत झालं. लोक तिकिटाच्या आधी नाणी पुढे करू लागले. ती प्रत्येकाला सांगायची, हे साधं आहे, पैसे भरू नका. एकदा पुढच्या सीटवरचा पेन्शनर दात कोरत शेजाऱ्याला म्हणाला, "ती खरं नाय सांगणार. आपण टाकलं की स्वतः घेईल. पिशवीतली बदलते, मी पाहिलंय." शेजाऱ्याने मान डोलावली. ही रोजची माणसं. यांच्या लेकीबाळींना तिने जागा करून दिली होती. त्या दिवशी तिला त्यांच्या हातांचीच किळस आली, सुटे घेताना बोटं लागू नयेत असं वाटलं. आपल्याला असं वाटतंय, याचीही किळस आली.

आता कोणी नाणं दाखवलं की ती एवढंच म्हणते, "दोन रुपये. चालतं." आणि मशीनमधून तिकीट काढते. पिशवीतली नाणी बदलणं तिने बंद केलं. बघायचीच असतील तर बाजारातून स्वतःच्या पैशांची मोड आणते आणि दार लावून बघते.

गेल्या महिन्यात अशीच एक मोड आणली होती. त्यात एक दोनचं नाणं निघालं. अंकाची टोकं फाटलेली, दोन्ही थर गोल, भरीव. तिसरं खरं दुहेरी. तिने वहीत साल लिहिलं, खूण लिहिली. मग फोटो काढायला फोन हातात घेतला, आणि तसाच उपडा ठेवून दिला.